फरसबी: पोषण, फायदे आणि नेहमी पडणारे प्रश्न

फरसबी ही तशी गरीब भाजी, कुणाच्या आवडीच्या यादीत पहिल्या नंबरावर नसते. मला मात्र ती मनापासून आवडते. लोक तिच्याबद्दल दोन्ही टोकांचं बोलतात, एकजण म्हणतो अमृत आहे, दुसरा म्हणतो नुसतं पाणी आहे त्यात, आणि जे खरंच माहीत असायला हवं ते राहूनच जातं, म्हणजे ही शेंग नीट शिजवूनच खायची असते. म्हणून हे सगळे प्रश्न एका जागी घेतलेत.

फरसबी, श्रावणघेवडा, फ्रेंच बीन्स, ग्रीन बीन्स हे सगळं एकच का?

हो, बहुतेक वेळा एकच. फक्त घेवडा एवढंच म्हटलं तर गोंधळ होतो कारण काही जण वालाच्या चपट्या शेंगांनाही घेवडा म्हणतात, ती वनस्पती वेगळी. गवार वेगळी, चवळीच्या शेंगाही वेगळ्या. फरसबीचं शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस, आणि गंमत म्हणजे राजमासुद्धा याच जातीचा! शेंग कोवळी असताना तोडली तर फरसबी, काही वाण वेलावरच वाळू दिले आणि आतले दाणे काढले तर राजमा. मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, १४९२ नंतर समुद्रमार्गे बाकीच्या जगात पसरलं. राजम्याशी असलेलं हे नातं लक्षात ठेवा, पुढे कच्च्या शेंगेचा विषय येईल तेव्हा उपयोगी पडेल.

१०० ग्रॅम फरसबीत नक्की असतं काय?

कच्च्या शेंगेचे आकडे साधारण असे: ३१ कॅलरी, जवळपास ९० ग्रॅम पाणी, ७ ग्रॅम कर्बोदकं (त्यातले पावणेतीन ग्रॅम फायबर आणि सव्वातीन ग्रॅम साखर), प्रोटीन १.८ ग्रॅम, फॅट ०.२ ग्रॅम म्हणजे नसल्यासारखंच. व्हिटॅमिन सी १२ मिलिग्रॅम, फोलेट ३३ मायक्रोग्रॅम, व्हिटॅमिन के ४३ मायक्रोग्रॅमच्या आसपास, पोटॅशियम २११ मिलिग्रॅम, कॅल्शियम ३७, मॅग्नेशियम २५, लोह १ मिलिग्रॅम आणि सोडियम फक्त ६. वाण, जमीन, तोडल्यावर गेलेले दिवस यानुसार आकडे थोडे इकडेतिकडे होतात, त्यामुळे दशांशावर भांडू नका.

मग यात खास काय, नव्वद टक्के तर पाणीच आहे?

पाणी तर जवळजवळ सगळ्याच भाज्यांत असतं हो. खास हे की पोट भरतं, आणि त्या मानाने कॅलरी फारच कमी, आणि सोबत फायबर, के, सी, फोलेट असं थोडं थोडं सगळं येतं. एखाद्या एकाच गोष्टीत अव्वल अशी ही भाजी नाही हे मी सरळ सांगतो, व्हिटॅमिन सी हवं तर संत्र्यात चौपट आहे, लोह हवं तर कडधान्यं आहेत. पण व्हिटॅमिन के मात्र खरोखर चांगलं आहे, मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ९० ते १२० मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे वाटीभर भाजीत तिसरा हिस्सा ते अर्धा भागला. के लागतं रक्त गोठायला आणि हाडांमधल्या प्रोटीनचं काम नीट चालायला. शिवाय ल्युटिन आणि झिॲक्सँथिन असतं, डोळ्यांच्या पडद्यावर जो पिवळा ठिपका असतो तिथे हीच रंगद्रव्यं साठलेली असतात.

एक लक्षात ठेवा, के आणि कॅरोटिन (हेही ल्युटिनच्याच कुळातलं रंगद्रव्य) ही तेलात विरघळणारी मंडळी आहेत. वजन कमी करायच्या नादात एक थेंबही तेल न घालता नुसती उकडून खाल्ली तर ती नीट शोषली जात नाहीत. चमचाभर तेल पुरे.

शेंगेतून प्रोटीन मिळतं का? बीन्स म्हणजे प्रोटीन असं ऐकलंय

हा गैरसमज फार पसरलाय आणि तो नावामुळे झालाय. वाळलेल्या दाण्यात प्रोटीन भरपूर, शिजवलेल्या राजम्यात १०० ग्रॅमला साधारण साडेआठ ग्रॅम. हिरव्या शेंगेत दोनही नाही! कारण शेंग आपण दाणा भरायच्या आधीच तोडतो, झाडाने अजून त्यात माल भरलेलाच नसतो. त्यामुळे फरसबीला भाजी समजून खा, डाळ किंवा उसळीच्या जागी धरू नका.

कच्ची फरसबी सॅलडमध्ये चालते का?

नाही. एवढ्या एका प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो असं म्हटलं तरी चालेल.

राजम्याच्या जातीत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक लेक्टिन, म्हणजे एका प्रकारचं प्रोटीन असतं, काही ठिकाणी त्याला फॅसिन म्हणतात. ते आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटतं आणि मग मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळा. वाळलेल्या लाल राजम्यात ते सगळ्यात जास्त, इतकं की चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो, आणि त्रास एक ते तीन तासांत सुरू होतो. हिरव्या शेंगेत याचं प्रमाण बरंच कमी असतं, म्हणून तर कुणी भाजी निवडताना एखादी शेंग तोंडात टाकली आणि काही झालं नाही असं होतं, आणि मग तोच माणूस सगळ्यांना सांगतो की अहो काही होत नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. वाडगाभर कच्च्या शेंगा चिरून खाल्ल्या तर पोट बिघडू शकतं, लहान मुलांचं तर आधी.

मी स्वतः हे करून बसलोय. कच्चं खाल्लं की जास्त पौष्टिक असं कुठेतरी वाचलं होतं, काकडीबरोबर दोन मुठी कोवळ्या शेंगा बारीक चिरून लिंबू पिळून खाल्ल्या, चव सुंदर लागली अगदी मटारासारखी गोडसर, आणि दोन तासांत पोट असं ढवळून आलं की संध्याकाळ सगळी बाथरूममध्ये गेली. तेव्हा कारण कळलंच नाही, मी काकडीला दोष देत होतो.

मग किती वेळ शिजवायची?

उकळत्या पाण्यात म्हणाल तर दहा मिनिटं धरा. लेक्टिन हे प्रोटीन आहे, नीट उकळी असलेल्या तापमानात ते मोडतं. कोमट-गरम पाण्यात मात्र मोडत नाही, म्हणूनच मंद आचेवर तासन्‌तास चालणाऱ्या स्लो कुकरमध्ये राजमा टाकू नका असं बजावून सांगतात, कारण ८० अंशांच्या आत राहिलं तर विषारीपणा उलट वाढूही शकतो. फरसबीला तोच नियम लावा, आधी खळखळ उकळी, मग काय ते.

कढईत परतत असाल तर शेंगा बारीक चिरा, थोडं पाणी शिंपडा, झाकण ठेवून चांगली वाफ काढा आणि मध्ये दोन-तीनदा खालीवर करा. मोठ्या पंगतीच्या स्वयंपाकात जे त्रास होतात ते नेमके यामुळेच होतात, भांडं भरगच्च, खालच्या शेंगा करपतायत आणि वरच्या अर्ध्या कच्च्या. मायक्रोवेव्हमध्येही तसंच, एक कोपरा शिजतो दुसरा राहतो, मध्ये काढून हलवायलाच हवं.

शिजली का नाही ते कसं ओळखायचं? दाताखाली घ्या. दातावर चुर्र चुर्र असा रबरासारखा आवाज आला, किंवा कच्च्या हिरव्या पाल्यासारखी चव आली, तर अजून वेळ आहे. पूर्ण शिजलेली शेंग दाताखाली मऊ तुटते, पण लगदा होत नाही, आणि चव गोडसर येते.

शिजवली की रंग जातो, मळकट हिरवी होते, ते कसं टाळायचं?

हे मला फार आवडतं समजावून सांगायला. शेंगेचा हिरवा रंग क्लोरोफिलचा, आणि क्लोरोफिलच्या कणाच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. शेंग तापली की तिच्या पेशी फुटतात, आतली आम्लं मोकळी होतात, आणि ती त्या मॅग्नेशियमला उठवून त्याच्या जागी हायड्रोजन बसवतात. मॅग्नेशियम गेलं की झालं, चकचकीत हिरव्याचा ऑलिव्हसारखा मळकट रंग.

एकदा वेळ काढून करून बघा, एकाच ताटातल्या शेंगांचे दोन भाग करा, एक भाग भरपूर उकळत्या पाण्यात झाकण न ठेवता, दुसरा भाग थोड्या पाण्यात झाकण लावून आणि वर अर्धं लिंबू पिळून. सात-आठ मिनिटांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, एक भाऊ हिरवागार आणि दुसरा आजारी दिसतो. उघड्या भांड्यातून वाफेबरोबर थोडी आम्लं उडून जातात आणि भरपूर पाण्यात उरलेली पातळ होतात, एवढंच त्याचं गुपित. म्हणून लिंबू, टोमॅटो, चिंच, दही जे काही आंबट घालायचं असेल ते शेवटी घाला, शेंग शिजल्यावर. आंबटाने रंग तर जातोच शिवाय शेंग मऊ व्हायलाही वेळ लागतो.

आणि हे सगळं करूनही दहा मिनिटांत थोडा रंग उतरणारच. उतरू द्या. फोटोत छान दिसावी म्हणून तीन मिनिटांत बाहेर काढलेली करकरीत शेंग मला मान्य नाही.

चिमूटभर सोडा घातला तर?

रंग हिरवागार राहतो हे खरं. पण सोड्याने पेशींच्या भिंती ढासळतात, शेंग बाहेरून गुळगुळीत बुळबुळीत होते आणि व्हिटॅमिन सी व थायमिन (बी-१) दोन्ही नष्ट होतात. नको.

उकडल्यावर सगळी जीवनसत्त्वं पाण्यात जातात म्हणे

सगळी नाही जात. सी आणि फोलेट पाण्यात विरघळतात, उष्णतेनेही कमी होतात, तर सी साधारण १२ वरून १० च्या आसपास येतं. फायबर, के, कॅरोटिन, खनिजं यांचा बराचसा भाग शेंगेतच राहतो. जास्त वाचवायचं असेल तर चिरायच्या आधी धुवा (चिरून मग धुतलं की चिरलेल्या कडांतून निथळून जातं), वाफेवर शिजवा, किंवा उकडलेलं पाणी टाकू नका, आमटीत सूपमध्ये वापरा. बस.

डायबेटिस असेल तर?

निर्धास्त खा. १०० ग्रॅममध्ये ७ ग्रॅम कर्बोदकं, त्यातलं फायबर वजा केलं तर चार-सव्वाचार उरतात, उकडलेल्या बटाट्यात तेवढ्याच वजनात २० ग्रॅम असतात. साखर एकदम चढत नाही. पण फरसबी खाल्ली म्हणून साखर उतरेल, औषध कमी करता येईल असं काही नाही. फायदा कसा होतो सांगतो, ताटात बटाटा किंवा भात जितका घेत होतात त्यातला अर्धा काढून तिथे फरसबी ठेवली तर फरक दिसतो. ताटातलं सगळं तसंच ठेवून वरून फरसबी घेतली तर नाही दिसत.

वजन कमी करायला?

वरचंच उत्तर. वाटीभर भाजीत ३५ कॅलरी, पण कढईत तेल किती ओतताय ते बघा कारण एका मोठ्या चमचाभर तेलात १२० कॅलरी असतात.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, खाऊ का?

हा प्रश्न नीट वाचा, घरात कुणी वॉरफरिन घेत असेल तर दोनदा वाचा. वॉरफरिन व्हिटॅमिन के च्या कामात आडवं येतं, त्यानेच रक्त पातळ राहतं. मग खाण्यातून के अचानक वाढलं तर गोळीचा परिणाम कमी होतो आणि अचानक घटलं तर जास्त होतो, दोन्ही वाईट. फरसबी पालकाइतकी के ने भरलेली नाही, पण आज थोडी आणि उद्यापासून रोज दोन वाट्या असा बदल करायचा नाही.

माझ्या वडिलांना ही गोळी होती. मी उत्साहात त्यांच्या जेवणात हिरव्या भाज्या एकदम वाढवल्या, रोज फरसबी नाहीतर पालेभाजी, मला वाटत होतं मी फार चांगलं करतोय, आणि पुढच्या आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) आकडा खाली आला, म्हणजे गोळीचा परिणाम कमी झाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, खाण्यात काय बदललं? भाजी बंद करायची गरज पडली नाही, दर आठवड्याला साधारण सारखीच ठेवायची एवढंच ठरलं आणि ते जमलं. नव्या प्रकारच्या काही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना के चा हा नियम लागू नाही, तुमची कुठली आहे ते डॉक्टरांना विचारून घ्या.

गरोदरपणात?

चांगली, पूर्ण शिजवून आणि आधी नीट धुवून. फोलेट आहे पण गैरसमज नको, गरोदरपणात दिवसाला ६०० मायक्रोग्रॅम लागतं आणि १०० ग्रॅम शेंगेत ३३ असतं. भाजी खाते म्हणून फॉलिक ॲसिडची (म्हणजे फोलेटचीच) गोळी सोडली असं कुणी करू नका प्लीज, बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते, बऱ्याचदा तर दिवस गेलेत हे कळायच्या आत, म्हणून ती गोळी आधीपासून सुरू करायला सांगतात.

ॲनिमियाला उपयोग होतो का?

थोडा. लोह १ मिलिग्रॅम आहे आणि वनस्पतीतलं लोह अंगी लागायला कठीण असतं. सोबत व्हिटॅमिन सी असेल तर जास्त शोषलं जातं, म्हणून गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा, रंगाचंही नुकसान नाही. जेवणाला लागून चहा मात्र घेऊ नका, त्याने लोहाचं शोषण घटतं. हिमोग्लोबिन खरंच कमी असेल तर नुसत्या फरसबीवर थांबू नका, तपासणी आणि औषध लागतंच.

गॅस होतो का? पोट नाजूक आहे माझं

राजमा, छोले यांच्यापेक्षा बराच कमी. गॅस करणाऱ्या शर्करा पिकलेल्या दाण्यात साठतात, कोवळ्या शेंगेत त्या फार नसतात. आयबीएसवाल्यांना (म्हणजे ज्यांचं आतडं नाजूक, पोट वारंवार बिघडतं त्यांना) जो लो फॉडमॅप, म्हणजे पोटात आंबून गॅस करणाऱ्या शर्करा कमी असलेला आहार देतात त्यातही साधारण ७५ ग्रॅमपर्यंत फरसबी चालते, जास्त खाल्ली तर त्यातल्या सॉर्बिटॉल या साखरेसारख्या पदार्थाने काहींना त्रास होतो. ज्यांना एरवी फायबरची सवय नाही त्यांनी पहिल्या दिवशी डोंगरभर खाऊ नये, हळूहळू वाढवा आणि पाणी प्या. बद्धकोष्ठता असेल तर ही भाजी आठवड्यात दोन-तीनदा ठेवा, शिजवलेल्या १०० ग्रॅममधून तीन ग्रॅमच्या वर फायबर मिळतं आणि दिवसाला किमान २५ ग्रॅम तरी हवं असतं.

किडनीचा आजार आहे

पोटॅशियम बटाटा, पालक यांच्यापेक्षा कमी आणि भरपूर पाण्यात उकडून पाणी टाकलं तर अजून उतरतं (इथे मात्र पाणी टाकायचं, वर सांगितलं त्याच्या उलट). किती खायची ते तुमच्या रिपोर्टवर ठरतं, ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञच सांगतील.

फ्रोजन आणि डब्यातली फरसबी कशी?

फ्रोजन उत्तम, उगाच नाक मुरडू नका. तोडल्यावर लवकर तीनेक मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेली असते आणि तिथेच तिची झीज थांबते, आठवडाभर फ्रीजमध्ये पडून सुकलेल्या ताज्या शेंगेपेक्षा तीच बरी. फक्त ती तीन मिनिटं म्हणजे शिजवणं नव्हे हं, घरी पूर्ण शिजवायचीच.

डब्यातली मिठाच्या पाण्यात असते, सोडियम ६ वरून दोनशेच्या पुढे जाऊ शकतं, बीपी असेल तर पाणी ओतून शेंगा धुवून घ्या. आणि घरी बाटलीत भरून टिकवायचा विचार असेल तर थांबा. फरसबीत आम्ल कमी असतं, हवाबंद बाटलीत बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात, आणि त्यांचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत, त्याला खास प्रेशर कॅनर लागतो. तो नसेल तर गोठवा.

घेताना आणि ठेवताना काय बघायचं?

एक शेंग घ्या आणि कानाजवळ मोडा. कट्‌कन आवाज आला आणि मोडलेल्या जागी ओलसरपणा दिसला की ताजी. वाकते पण मोडत नाही, म्हणजे दिवस झाले. बाहेरून दाण्यांचे फुगवटे दिसत असतील तर जून, चिवट लागणार. घरी आणल्यावर धुवू नका, कोरडीच कापडी पिशवीत किंवा भोकं असलेल्या पिशवीत ठेवा, पाच-सात दिवस राहते. फ्रीजच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवू नका, फार थंडीने हिच्यावर तांबूस डाग पडतात.

शिरा काढायलाच हव्यात का?

आता बहुतेक वाणांना शिरा नसतातच. पूर्वी शेंगेच्या शिवणीवर जाड दोरा असायचा, १८९४ मध्ये अमेरिकेत कॅल्विन कीनी यांनी बिनदोऱ्याचा वाण तयार केला आणि घरोघरचा केवढा तरी वेळ वाचला. देठ मोडून खाली ओढून बघा, दोरा आला तर काढा, नाही आला तर फक्त टोकं खुडा.

जांभळी फरसबी शिजवली की हिरवी झाली, रंग लावला होता का?

नाही नाही. जांभळा रंग अँथोसायनिनचा, तो उष्णतेने आणि पाण्याने निघून जातो आणि खाली दडलेला क्लोरोफिलचा हिरवा दिसायला लागतो. अगदी नैसर्गिक.

बाळाला कधीपासून द्यावी?

वरचं खाणं सुरू झालं की, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर. एरवीपेक्षा जास्तच मऊ शिजवा, टोकं आणि काही शिरा असतील त्या काढा, कुस्करून चाळणीतून गाळा म्हणजे सालाचे धागे घशात अडकत नाहीत. पहिल्यांदा देताना सोबत दुसरा नवा पदार्थ देऊ नका, अंगावर पुरळ वगैरे आलं तर कशामुळे ते कळतं. हाताने धरून खायच्या वयात तुकडा देणार असाल तर आधी दोन बोटांत दाबून बघा, सहज चिरडला तरच द्या.